पत्र्याच्या गॅरेजात उरलेलं इन्सुलेशन टाकलं, तरी तापतं, गळतं, खाजतं? या क्रमाने तपासा

जळगाव-भुसावळ पट्ट्यात मी पत्र्याच्या शेडची कामं करतो. नवीन शेड उभारण्यापेक्षा लोकांनी करून ठेवलेलं निस्तरण्यातच माझा निम्मा वेळ जातो, आणि त्यातलं एक दुखणं दरवर्षी ठरलेलं. एमआयडीसीत कुणाच्या तरी शेडचं काम संपतं, ग्लासवुलचे (काचेच्या तंतूंची लोकर) दीड-दोन रोल उरतात. रावेर-सावद्याकडे केळी पिकवायचं चेंबर बांधून झालं की पफ पॅनलचे (दोन पत्र्यांमध्ये फोम) कापलेले तुकडे उरतात. दोन्ही म्हणजे उष्णता अडवणारं इन्सुलेशन. माल फुकटचा, घरामागे गाडीचं शेड आहे, त्यावर पोटमाळा रिकामाच पडलाय. एका रविवारी सगळं वर चढतं आणि वर्षाच्या आत माझा फोन वाजतो.

माल बहुतेक वेळा चांगलाच असतो. बिघडतं ते तो कशाला टेकवलाय त्यावरून: तापल्या पत्र्याला, ओल्या लाकडाला, की विजेच्या तारेला. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय होतंय ते आधी ठरवा. दोन-तीन एकत्रही असू शकतात.

- मे महिन्यात गॅरेज पूर्वीइतकंच भट्टीसारखं. वर रात्री दहापर्यंत उकाडा जात नाही.
- पाऊस नसताना, विशेषतः डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, गाडीच्या टपावर पाण्याचे थेंब.
- गॅरेजात दहा मिनिटं थांबलं की मान आणि कोपरांच्या खोबणीत खाज. गाडीच्या काचेवर उन्हात चमकणारी बारीक धूळ.
- कुबट वास, किंवा उंदराच्या मुताचा उग्र वास.
- दिवा लुकलुकतो, एमसीबी मधूनच पडतो, किंवा जळक्या प्लॅस्टिकसारखा, कधी चक्क मासळीसारखा वास येतो.

शेवटचं लक्षण असेल तर खालचं काही करत बसू नका. गॅरेजचा मेन स्विच बंद करा आणि लायसन्सवाल्या वायरमनला बोलवा. तापलेल्या वायरिंगच्या प्लॅस्टिकला मासळीसारखा वास येतो, आणि लोक मेलेली पाल शोधत बसतात.

१. खाली उभे राहा आणि घड्याळ बघा

खर्च शून्य. तक्रार गळण्याची असेल तर ते नेमकं कधी गळतं ते तीन दिवस लिहून ठेवा.

अमळनेरकडच्या एका आबांचा जानेवारीत फोन आला होता: "भाऊ, पाऊस नही, पानी नही, तरी पत्रा गयी ऱ्हायना!" त्यांनी दोनदा पत्र्याचे स्क्रू बदलून घेतले होते, वॉशर नवे टाकले होते, सिलिकॉनच्या ट्यूबा रिकाम्या केल्या होत्या. गळती नव्हतीच. पत्र्याला घाम येत होता. आपल्याकडे थंडीत आभाळ मोकळं असतं. रात्री पत्रा आपली उष्णता थेट आभाळाला देऊन टाकतो आणि आसपासच्या हवेपेक्षाही गार होतो. शेजारी गव्हाला पाणी दिलेलं, हवेत ओल. ती ओल पत्र्याच्या पोटाला जाऊन लागते, दव धरतं, थेंब उतारावरून सरकत पर्लिनपाशी (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्टीपाशी) येतो आणि तिथून खाली पडतो.

ओळखायचं असं. थेंब पहाटे पडत असतील, पत्रा सगळीकडे सारखाच ओला असेल आणि नऊ-दहाला ऊन आल्यावर थांबत असेल, तर तो घाम. पाऊस पडल्यावरच आणि एकाच ओळीत, स्क्रूखाली किंवा दोन पत्र्यांच्या जोडावर गळत असेल, तर गळती. गळती असेल तर आधी छप्पर दुरुस्त करा. गळत्या पत्र्याखाली इन्सुलेशन टाकणं म्हणजे माळ्यावर स्पंज ठेवणं. पाणी खाली दिसत नाही, वरच मुरतं, आणि दिसेपर्यंत अँगल गंजलेला असतो.

२. पत्र्याचा रंग

तक्रार फक्त उकाड्याची असेल तर माळ्यावर चढण्याआधी छपराकडे बघा. गडद निळा किंवा गंजून तपकिरी झालेला पत्रा मेच्या दुपारी साठ अंशांच्या पुढे सहज जातो, मग त्याखालच्या दोन इंच ग्लासवुलने किती झुंजायचं? पांढरा हीट-रिफ्लेक्टिव्ह रंग दोन हात मारून घ्या. बरेच जण चुना मारतात. सिमेंटच्या पत्र्यावर ठीक आहे, पण गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर ओला चुना जस्ताचा थर खातो.

३. वर काय आहे ते ओळखा

ही तपासणी लोक हमखास टाळतात. "ते पांढरं-पिवळं काहीतरी आहे" असं सांगून चालत नाही, कारण प्रत्येक मालाचा नियम वेगळा आहे.

ग्लासवुल: बहुधा पिवळा, हलका, बोटांत खाजरा. एका बाजूला चांदी (चकचकीत अॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा) किंवा कागद चिकटवलेला असू शकतो. तंतू काचेचे असल्याने ते पेट घेत नाहीत, पण त्यावरचा डांबरी कागद घेतो. कागदाची बाजू गॅरेजात उघडी ठेवायची नाही.

रॉकवुल: करडा-तपकिरी, ग्लासवुलपेक्षा जड. आगीसमोर सगळ्यात भरवशाचा. मिळाला तर सोडू नका.

थर्माकोल: टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला असो की शीट, मोडल्यावर पांढरे मणी दिसतात. तापल्या पत्र्याला टेकला तर काही उन्हाळ्यांत आक्रसतो, मध्ये फटी पडतात. पेटला तर वितळून पेटते थेंब खाली टाकतो, आणि खाली पेट्रोलची टाकी असलेली गाडी उभी असते.

पफ: पिवळसर, कडक, बारीक छिद्रांचा फोम, बहुधा दोन पत्र्यांच्या मध्ये. उष्णता अडवण्यात सगळ्यांचा बाप. ५० मिलिमीटर पफ जवळपास ७५-८० मिलिमीटर ग्लासवुलचं काम करतो. पण जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड सोडतो. पॅनलचे दोन्ही पत्रे शाबूत असतील तर वापरा, कापलेल्या कडा यू-चॅनेलने किंवा पत्र्याच्या पट्टीने बंद करा. उघडा फोम राहिलाच तर त्याखाली साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड हवा. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांतही राहत्या भागाकडे तोंड असलेल्या फोमला साधारण एवढंच आवरण सांगितलंय. गॅरेजात ई-स्कूटर चार्जिंगला लावत असाल तर यात तडजोड नाही.

बबल शीट: मध्ये हवेचे फुगे, बाहेरून चांदी. हिचं खातं निराळं, पाचव्या मुद्द्यात येतंय.

पांढऱ्या लोकरीसारखा माल असेल आणि ग्लासवुल की उशीत भरायचा रेक्रॉन हे कळत नसेल, तर नखाएवढा तुकडा पकडीत धरून अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, काडी दाखवा. ग्लासवुल पेटणार नाही, रेक्रॉन वितळून गोळा होईल. रेक्रॉन, बारदान, कडबा, भुसा यातलं काही माळ्यावर नको. एका बहाद्दराने तर गाठी भरताना उरलेला कापूस पसरला होता. कापूस उष्णता अडवतो हे खरंच आहे, गोधडीत आपण तोच भरतो. पण वेल्डिंगची एक ठिणगी वर गेली असती तर अग्निशमनची गाडी चौकात पोचेपर्यंत काही उरलं नसतं.

इथे पहिली थांबायची जागा. माल जुन्या गिरणीच्या बॉयलरवरून किंवा वाफेच्या पाइपावरून काढलेला असेल, करडा-पांढरा, खडूसारखा भुगा होणारा, तर तो अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. त्याचे तंतू श्वासातून गेले तर फुप्फुसाला घातक. काडी लावून तो ओळखता येत नाही, कारण तोही जळत नाही. हलवू नका, झाडू नका, भंगारवाल्याला देऊ नका. माळा बंद करा आणि औद्योगिक इन्सुलेशन काढणाऱ्या जाणत्या माणसाला दाखवा. सिमेंटचे जुने पत्रेही बहुतेक अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेलेच असतात. नुसते वर असले तर छळत नाहीत, पण त्यांना कोरडं ड्रिल मारणं किंवा कटरने कापणं सोडा.

वर चढण्याआधी

सकाळी सहा ते साडेआठ, बस. आपल्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त असतं. ऑस्ट्रेलियात २००९-१० साली सरकारने घरोघर माळ्यांना इन्सुलेशन बसवायची योजना काढली होती. त्या कामावर चार तरुण मुलं दगावली. तिघं विजेच्या धक्क्याने, एक उष्माघाताने. काम आपल्या रविवारच्या कामासारखंच साधं होतं.

वीज बंद करताना मेन पाडून थांबू नका. इन्व्हर्टरची लाइन वेगळी असते, मेन पाडला तरी गॅरेजचा दिवा चालू राहतो. तोही बंद करा आणि टेस्टरने बघा. छपरावर सोलर पॅनल असतील तर त्यांच्या डीसी तारा ऊन असेतो जिवंतच असतात, घरातला कोणताही स्विच पाडा. त्या तारा माळ्यातून जात असतील तर त्यांच्या जवळपासचं काम सोलरवाल्यावर सोडा.

पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याला रुमाल, चष्मा आणि एन-९५ मास्क घाला. तोंडाला गमछा बांधून काचेचे बारीक तंतू अडत नाहीत. काम झाल्यावर आधी थंड पाण्याने अंग धुवा, घासू नका, आणि ते कपडे लेकरांच्या कपड्यांत टाकू नका. पाय फक्त अँगलवर किंवा लाकडाच्या तुळईवर. पीओपीचं सीलिंग आणि सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन धरत नाही.

४. हाताने तोला, पट्टीने मोजा

दोन टोकांचे सारखे तुकडे उचला. एक जड लागला तर तो ओला. ओल्या ग्लासवुलमध्ये हवेच्या जागी पाणी बसलेलं असतं आणि पाणी उष्णता अडवत नाही. स्वच्छ पाण्याने भिजलेला तुकडा सावलीत उभा करून वाळवा. पूर्वीसारखा फुगला तर परत वापरता येतो. चिखलाने भिजलेला, काळे डाग पडलेला, कुबट वास येणारा टाकून द्या. त्याला फिनाईल मारून वर ठेवू नका.

मग जाडी मोजा. दोन इंचाचा ग्लासवुल वर बॅगा ठेवून एक इंच झाला असेल तर जवळपास निम्मं काम गेलं. इन्सुलेशनमध्ये काम करते ती अडकलेली हवा. सामान ठेवायचंच असेल तर अँगलवर प्लाय टाका, इन्सुलेशनवर नको. रोल वर्षानुवर्षं बांधून पडला असेल तर उघडून, हलकेच झटकून एक दिवस मोकळा ठेवा. दुसऱ्या दिवशी फुगला नाही तर तो जाडीच्या हिशोबात धरू नका.

उंदरांचा वावर दिसला (काळ्या लेंड्या, कुरतडलेला बोगदा, पिवळे डाग) तर कोरडं झाडू नका. झाडलं की त्याची धूळ नाकात जाते, आणि उंदराच्या ओल्या मुतातून लेप्टोचा ताप पसरतो. एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, फवारून पाच मिनिटं भिजू द्या, मग हातमोजे घालून पिशवीत भरा. तेवढा भाग पुन्हा वापरायचा नाही.

५. काय कशाला टेकलंय

उकाड्याचे निम्मे फोन इथे निकाली निघतात. बबल शीट किंवा चांदीचा कागद पत्र्याला चिकटवून लावलेला असतो. चांदीचं सगळं काम समोरच्या मोकळ्या हवेमुळे चालतं. तिच्यासमोर किमान २०-२५ मिलिमीटर पोकळी असेल तर ती तापल्या पत्र्याची धग पुढे जाऊ देत नाही. पत्र्याला टेकली की ती नुसतं अ‍ॅल्युमिनियम आहे. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं चुलीवर ठेवल्यावर काय होतं ते स्वयंपाकघरात विचारा.

दुसरं, चांदी वर करून पसरलेली. एप्रिलमध्ये आपल्याकडे वावटळी उठतात. महिन्याभरात तिच्यावर धुळीची साय धरते आणि चमक संपते. चांदी खाली, गॅरेजकडे तोंड करून ठेवा. ऐकायला उलटं वाटतं, पण चांदी जशी धग परतवते तशी स्वतःही धग कमी सोडते, आणि खालच्या बाजूला धूळ बसत नाही.

घाम धरत असेल तर वेगळं बघा. ग्लासवुल आणि पत्रा यांच्यामध्ये गॅरेजातली ओली हवा शिरत असेल तर दव ग्लासवुलच्या वर धरतं आणि तो भिजतो. चांदीच्या बाजूचे जोड अ‍ॅल्युमिनियम टेपने बंद करा, सेलोटेप दोन महिन्यांत सुटतो. एकावर एक दोन थर टाकायचे असतील तर चांदी किंवा कागद फक्त खालच्या थराला. वरच्या थराचा सोलून काढा, नाहीतर दोन कागदांच्या मध्ये पाणी कोंडून राहतं. आबांच्या शेडमध्ये नेमकं हेच होतं. खालच्या थराच्या कडेला ब्लेड मारली तर तांब्याभर पाणी आलं, तेही पाऊस नसताना.

६. हवेची वाट

शेडच्या कडेला, पत्रा आणि भिंत यांच्यात फट असते. उरलेले तुकडे लोक तिथे कोंबतात, "गरम हवा येऊ नये" म्हणून. फट मोकळी करा, वाटलं तर कोंबडीजाळी लावा म्हणजे पाखरं येणार नाहीत. पोटमाळ्यातली तापलेली हवा बाहेर गेली नाही तर दिवसभराचा उकाडा रात्री खाली उतरतो. रात्री दहापर्यंत गरम राहतं ही तक्रार बहुतेक इथली.

जुन्या धाब्याच्या घरात दुपारी गार वाटायचं ते जाड मातीमुळे. माती उष्णता पोटात धरून हळूहळू सोडते. पत्र्याच्या पोटात काही मावत नाही, म्हणून त्याला हवा लागते. दोन्हींची तुलना करून इन्सुलेशनला शिव्या घालणारे मला दर उन्हाळ्यात भेटतात.

७. तारा

सगळ्यात धोक्याचं आणि सगळ्यात कमी पाहिलं जाणारं. वीज बंद आहे हे टेस्टरने पुन्हा बघा आणि मगच इन्सुलेशन उचला.

साध्या पीव्हीसी वायरची करंट वाहायची ताकद तीस-चाळीस अंश हवेत मोजलेली असते. पत्र्याखाली साठ अंश झाले की ती जवळपास निम्मी धरावी लागते. त्यात तीच तार अर्धा मीटर किंवा जास्त लांबीला चारही बाजूंनी इन्सुलेशनमध्ये गाडली गेली की पुन्हा निम्मी. म्हणजे दिव्याला पुरणारी तार कंप्रेसर किंवा वेल्डिंग मशीनला लावली तर आत शिजते आणि एमसीबीला पत्ताही लागत नाही. तारा इन्सुलेशनच्या वर किंवा खाली, मोकळ्या हवेत, क्लिपा मारून न्या.

थर्माकोलचं आणखी एक. पीव्हीसीला मऊ ठेवणारं तेल थर्माकोल शोषून घेतो. मागच्या वर्षी एका शेडमध्ये तार ओढली तर तिला साबुदाण्यासारखे मणी चिकटलेले होते, थर्माकोलमध्ये तारेच्या जाडीची खाच पडली होती आणि तार वाकवताच तिचं कव्हर तडकलं. आत तांबं दिसत होतं. थर्माकोल आणि तार यांच्यात पीव्हीसी पाइप किंवा केसिंग हवंच.

चांदी किंवा बबल शीट लावताना लोखंडी स्टेपल मारलेले असतील तर प्रत्येक स्टेपलजवळ तार जाते का ते बघा. ऑस्ट्रेलियातल्या मृत्यूंमध्ये हेही एक कारण होतं. स्टेपल तारेत घुसलं की सगळी चांदी जिवंत होते. स्टेपल काढा, केबल टाय किंवा दुहेरी टेप वापरा. सीलिंगमधल्या एलईडी दिव्यांच्या पाठीवर आणि त्यांच्या ड्रायव्हरवर (दिव्याला वीज पुरवणाऱ्या डबीवर) काहीही टाकू नका, भोवती चार बोटं जागा सोडा. बोर्डात ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. असेल तर त्याचं टेस्ट बटन दाबून बघा, अनेकांनी कधी दाबलेलंच नसतं.

८. सगळं उतरवून परत बसवणं

वरच्या सातांनी भागलं नाही तरच. माल उतरवून वाळवा, कुजका बाजूला काढा. कैचीवर (छपराचा भार पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यावर) किंवा पर्लिनवर गॅल्व्हनाइज्ड जाळी ताणून मग ग्लासवुल टाका, म्हणजे तो मध्ये झोळत नाही आणि पत्र्यापासून सुटा राहतो. तुकड्यांच्या कडा एकमेकांना भिडू द्या, एकमेकांवर चढवू नका. खाली जिप्सम किंवा सिमेंट बोर्ड लावलात तर काचेची धूळ आणि खाज दोन्ही थांबतात. एक माणूस वर, एक खाली. एकट्याने करायचं हे काम नाही.

इथे थांबा, माणूस बोलवा

तारेचं कव्हर तडकलेलं, काळवंडलेलं किंवा चिकट झालेलं दिसलं, पत्र्याला किंवा अँगलला हात लावल्यावर मुंग्या आल्या, एमसीबी उचलल्या उचलल्या पडतो, तर वायरमन. अँगल बोटाने दाबून पापुद्रे सुटतात किंवा कैची वाकलेली दिसते, तर फॅब्रिकेटर, आणि तोपर्यंत वर कुणीही चढायचं नाही. अ‍ॅस्बेस्टॉसचा संशय असेल तर माळा बंद. वर साप किंवा गांधीलमाश्यांचं पोळं असेल तर सर्पमित्र किंवा पेस्ट कंट्रोल, काठी नको. काम करताना डोकं गरगरलं, घाम येणं थांबलं, बोलणं अडखळलं, तर त्या माणसाला लगेच खाली उतरवा, सावलीत झोपवा, अंगावर गार पाणी मारा आणि दवाखान्यात न्या.

वायरमनला बोलावताना दोन फोटो आधीच पाठवा: एक बोर्डाचा, झाकण बंद ठेवून, एमसीबीवरचे आकडे दिसतील असा, आणि एक माळ्यातल्या तारांचा. त्यावरून तो योग्य जाडीची वायर घेऊनच येतो. नाहीतर पहिली फेरी नुसती बघायला होते आणि दुसरीचे पैसे वेगळे.